वाचकांचे प्रश्न : शिशाच्या कीलमध्ये शीतनळ्या ओताव्यात का?

गेल्या वेळच्या टपालात शिडाच्या नौकेविषयी एक सविस्तर पत्र आले. मागील अंकात आम्ही त्याचा उल्लेख केला, तेव्हा त्याच विषयावर नाशिकमधूनच आणखी तीन पत्रे आली. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या बाजूला असलेल्या शहरातून नौकाबांधणीविषयी इतक्या आस्थेने विचारणा व्हावी याचा आनंद वाटला. म्हणून या अंकातील सदराची सर्व जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मी सातपूर येथील एका कारखान्यातून निवृत्त झालेला यांत्रिकी विभागातील कर्मचारी आहे. घरामागील शेडमध्ये सुमारे ९ मीटर लांबीची शिडाची नौका बांधत आहे. सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असून त्यावर इपॉक्सी (घट्ट चिकटणारी कृत्रिम राळ) आणि काचतंतूंचे आवरण आहे. पोटाखाली बसणारी, नौकेला तोल देणारी कील शिशाची, अंदाजे १४०० किलो वजनाची ओतून घ्यायची आहे. नौकेत २० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवणार आहे. मुंबईच्या बंदरात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गाळ यांमुळे इंजिनाला समुद्राचे पाणी पुरवणारे भोक वारंवार तुंबते, असे तिथल्या ओळखीच्या नौकाधारकांनी सांगितले. ते भोकच टाळावे यासाठी कील ओततानाच तिच्यात तांब्याच्या नळ्या पुरून, त्यांतून इंजिनाचे गोडे पाणी फिरवून थंड करण्याचा माझा विचार आहे. शिसे ही उष्णता बाहेर सोडू शकेल का? आणि हे करणे शहाणपणाचे ठरेल का? – एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : आपण दोन प्रश्न वेगळे विचारले हे फार बरे केले, कारण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. शिसे उष्णता बाहेर सोडू शकेल. तरीही डिझेल इंजिनासाठी हा मार्ग धरू नये, असे माझे मत आहे. दोन्हींची कारणे हिशेबासह मांडतो.

आधी उष्णता किती आहे ते पाहू. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग दांड्यावर काम म्हणून मिळतो, सुमारे तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातील बराचसा शीतजलात, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात, उतरतो. म्हणून पूर्ण जोरात चालणाऱ्या २० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या शीतजलातून सुमारे १५ किलोवॉट उष्णता काढावी लागेल, असे धरून चालणे सुरक्षित आहे. पाणी इंजिनातून निघताना आणि परत येताना त्याच्या तपमानात १० अंशांचा फरक ठेवायचा, तर मिनिटाला २१ ते २२ लिटर पाणी फिरले पाहिजे. बाहेर १९ मिलिमीटर आणि आत १७ मिलिमीटर व्यासाची नळी घेऊन कीलच्या दोन्ही अंगांना एकेक स्वतंत्र फेरा ठेवला, तर प्रत्येक फेऱ्यात पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास येतो. हा वेग चांगला आहे. हवेचे बुडबुडे अडकून न राहता पाण्याबरोबर निघून जातात.

आता ही उष्णता शिशातून समुद्रात जाताना तिला कुठे कुठे अडथळा होतो ते पाहू. १४०० किलो शिशाचे घनफळ सुमारे १२३ लिटर भरते. कीलची सरासरी जाडी ११ सेंटिमीटर धरली तर तिच्या दोन्ही अंगांचे मिळून क्षेत्रफळ २.२ चौरस मीटरच्या जवळपास येते, म्हणजे दर चौरस मीटरमधून सुमारे ६.८ किलोवॉट उष्णता बाहेर पडायला हवी. शिशाची उष्णतावाहकता तांब्याच्या एक दशांशाहूनही थोडी कमी आहे, पण स्टेनलेस स्टीलच्या दुपटीहून जास्त आहे. नळी पृष्ठभागापासून २० मिलिमीटर आत असेल, तर समोरासमोरच्या जाडीत केवळ ४ अंश खर्ची पडतात. नळ्यांच्या मधल्या भागात उष्णता आडवी पसरण्यासाठी आणखी ७-८ अंश लागतील. याच नळ्या कीलच्या मधोमध टाकल्या तर हा अडथळा सहज वाढतो. म्हणून पुरायच्याच असतील तर त्या कडेला, बाहेरच्या पृष्ठभागाजवळ पुराव्यात.

खरा अडथळा शिशाच्या बाहेर, रंगात आहे. उघडे शिसे समुद्रात ठेवता येत नाही. त्यावर इपॉक्सीचे थर आणि त्यावर शेवाळरोधक रंग द्यावा लागतो. हे सर्व मिळून ०.३ मिलिमीटर जाडीचे होते असे धरा. एवढ्याशा थरात, वर काढलेल्या उष्णतेला, तपमान १० अंशांनी उतरते; म्हणजे ०.३ मिलिमीटर रंग हा ५ सेंटिमीटर जाड शिशाइतका अडथळा करतो. उलट नौका ४-५ नॉट (ताशी ७ ते ९ किलोमीटर) वेगाने चालत असेल तर बाहेरून घासून जाणाऱ्या पाण्याचा अडथळा एक-दोन अंशांपलीकडे जात नाही. या सर्वांत नळीच्या आतील बाजूचे ४ अंश मिळवले, तर नौका चालू असताना, २९ अंश तपमानाच्या अरबी समुद्रात, शीतजलाचे सरासरी तपमान ५५ ते ६० अंशांवर स्थिर होईल. हे इंजिनाला पूर्ण मानवणारे आहे. नांगरावर उभे राहून बॅटऱ्या भारित करताना पाणी स्थिर असते खरे, पण तेव्हा उष्णताही तीन-चार किलोवॉटच असते, त्यामुळे तेही निभावते.

इतके सगळे जुळत असताना मी नको का म्हणतो, त्याचे पहिले कारण धुराचे आहे आणि ते अनेकांच्या नजरेतून सुटते. नौकेतील बहुतेक लहान डिझेल इंजिनांत समुद्राचे पाणी इंजिन थंड करून झाल्यावर धुराच्या नळीत सोडले जाते. त्यामुळे धूर थंड होतो आणि पुढे साधी रबरी नळी चालते. कीलमध्ये पाणी थंड केले की धुरात सोडायला पाणीच उरत नाही. मग एक तर कोरडी धूरनळी, तिच्यावर उष्णतारोधक गुंडाळी, आजूबाजूच्या लाकडापासून राखलेले अंतर आणि केबिनमधील उकाडा हे सारे पत्करावे लागते; किंवा केवळ धुरासाठी वेगळा पंप बसवावा लागतो आणि त्या पंपासाठी समुद्राचे तेच भोक पुन्हा पाडावे लागते. जे टाळण्यासाठी आपण इतका खटाटोप करणार, तेच मागच्या दाराने परत येते. आपल्या पत्रात कोरड्या धूरनळीचा उल्लेख नाही, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

दुसरे कारण समुद्रातील जीवांचे आहे. उष्ण कटिबंधातील बंदरात उभ्या असलेल्या नौकेवर बार्नेकल (पृष्ठभागाला घट्ट चिकटणारे कवचधारी समुद्री जीव) आणि शेवाळ फार लवकर धरते. कीलवर ५ मिलिमीटरचा थर बसला की तोच एकटा ३० अंशांच्या आसपास अडथळा निर्माण करतो आणि वरच्या हिशेबातील ६० अंशांचे शीतजल ९० अंशांवर जाते. समुद्राचे भोक तुंबले तर ते तासाभरात साफ करता येते. कील घासण्यासाठी मात्र पाण्यात बुडी मारावी लागते किंवा नौका बाहेर काढावी लागते. त्यातच मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो. खाडीत ओहोटीला कील चिखलात रुतली, तर तिच्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही. आणि रुतलेली नौका सोडवण्यासाठी इंजिनाचा पूर्ण जोर लावावा लागतो तो नेमका त्याच वेळी.

तिसरे कारण आपल्या नौकेच्या बांधणीत आहे. खोलीच्या तपमानाला पक्का होणारा साधा इपॉक्सी साधारण ५५ ते ६५ अंशांच्या टप्प्यात मऊ पडू लागतो. कील ज्या जागी नौकेच्या पोटाला बोल्टांनी आवळलेली असते, तिथे एका बाजूला ऊन शिसे आणि दुसऱ्या बाजूला इपॉक्सीने जोडलेले लाकूड अशी गाठ पडते. सगळ्या नौकेत सर्वाधिक ताण याच सांध्यावर येतो. शिसे स्वतःही या बाबतीत भरवशाचे नाही. त्याचा द्रवणबिंदू ३२७ अंश असल्याने साध्या तपमानालाही ते सततच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहते, आणि जितके तापवावे तितके हे सरकणे वाढते. म्हणूनच कीलसाठी शुद्ध शिसे न घेता त्यात कठीणपणासाठी दोन ते चार टक्के अँटिमनी हे मूलद्रव्य मिसळण्याची पद्धत आहे. तरीही बोल्टांच्या आजूबाजूचे शिसे रोज तापत आणि निवत राहणे मला सुरक्षित वाटत नाही. नळ्या पुरल्याच, तर त्या वरच्या सांध्यापासून किमान १५ सेंटिमीटर खाली ठेवाव्यात, बोल्टांपासून दूर वळवाव्यात, आणि वर येणारे चार तुकडे उष्णतारोधक वेष्टनातून आणावेत.

चौथे कारण सर्वांत साधे आहे. शिशात पुरलेली नळी गळली तर ती दुरुस्त करता येत नाही. कील उतरवणे, वितळवणे आणि पुन्हा ओतणे एवढाच उपाय राहतो.

तेव्हा डिझेल इंजिनच ठेवायचे असेल तर समुद्राच्या पाण्यावर चालणारा उष्णता-विनिमयक (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचे गोडे पाणी थंड करणारे साधन) घ्यावा आणि भोकावर मोठी जाळी, पारदर्शक गाळणी व हाताशी येईल अशी झडप बसवावी. भोक कीलच्या बाजूला, जरा खोल ठेवले तर पृष्ठभागावर तरंगणाऱ्या पिशव्या सहसा तिथे पोहोचत नाहीत. पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चक्र) जवळ जादा ठेवावा. दुसरा मार्ग म्हणजे नौकेच्या पोटाखाली बाहेरून बसवलेल्या तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या. मासेमारी आणि मालवाहू बोटींवर त्या सर्रास दिसतात. त्या पाण्याला थोडा अडथळा करतात आणि शिडाची गती किंचित घटवतात, पण बिघडल्या तर काढून नव्या लावता येतात. धुराचा प्रश्न मात्र त्यांनाही चुकत नाही.

आणि आपण अजून इंजिन विकत घेतलेले नाही, असे पत्रावरून दिसते. म्हणून एक गोष्ट आग्रहाने सुचवतो. याच नौकेत १० किलोवॉटची विजेची मोटर बसवली, तर मोटर आणि तिचा नियंत्रक मिळून दीड किलोवॉटपेक्षा जास्त उष्णता क्वचितच काढावी लागते, म्हणजे डिझेलच्या एक दशांश. धूर नाही, म्हणून धुराला पाणी नको. शीतजल समुद्रापेक्षा फार तर पाच-सहा अंशांनी जास्त तापेल, त्यामुळे इपॉक्सीला धोका नाही, आणि बार्नेकलचा थर बसला तरी तपमान आणखी तीन-चार अंशच वाढेल. अशा कामासाठी कीलमध्ये नळ्या पुरणे हा मला केवळ शक्यच नव्हे, तर सुंदर उपाय वाटतो. आपल्या मनातली कल्पना चांगलीच आहे. तिला योग्य यंत्राची जोड मिळाली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रश्न : मी नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. मागील अंकातील उल्लेख वाचून असे वाटले की, १४०० किलो शिसे म्हणजे उष्णता साठवणारा प्रचंड मोठा साठाच आहे. बंदरातून बाहेर पडण्यापुरते दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवायचे असेल, तर बाहेरच्या पाण्याचा विचारच कशाला करावा? ती उष्णता शिशात मुरणार नाही का? – एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : हा समज फार सहज होतो, कारण जड वस्तू म्हणजे उष्णता मुरवणारी वस्तू असे आपण रोजच्या अनुभवावरून मानतो. शिसे या नियमाला अपवाद आहे. एक किलो शिशाचे तपमान एका अंशाने वाढवण्यास ०.१३ किलोज्यूल पुरतात. पाण्याला जवळजवळ ४.२ लागतात. हिशेब केला तर १४०० किलो शिसे उष्णता साठवण्याच्या बाबतीत जेमतेम ४३ लिटर पाण्याच्या बरोबरीचे ठरते, म्हणजे घरातले तीन हंडे भरून ठेवल्यासारखे. १५ किलोवॉट उष्णता बाहेर न जाता त्यात शिरत राहिली, तर ते दर मिनिटाला जवळपास ५ अंशांनी तापेल आणि दहा मिनिटांत ते सुमारे ५० अंशांनी तापलेले असेल; इंजिनाचे शीतजल त्यापेक्षा थंड होऊच शकणार नाही. शिसे इथे उष्णतेची कोठी नाही, तिची वाट आहे. हे ध्यानात ठेवले की रचनेतील पुढचे निर्णय आपोआप बदलतात. नळी मध्यभागी खोल न पुरता कडेला आणावीशी वाटते ती त्यामुळेच.

प्रश्न : आमच्या घराण्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे काम पिढीजात चालत आले आहे आणि कल्हईही आम्ही करतो. नौका बांधणाऱ्या सद्‌गृहस्थांनी नळ्यांची वळणे आमच्याकडून करून घेण्याचे ठरवले आहे. तांब्यावर शिसे धरत नाही हा आमचा अनुभव आहे. मग ओतलेले शिसे नळीला चिकटेल का? त्यासाठी नळीला बाहेरून कल्हई करावी का? – एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : चारही पत्रांत सर्वांत मोलाचा प्रश्न आपला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच हातात आहे.

तांबे आणि शिसे हे धातू वितळलेल्या अवस्थेतही एकमेकांत फारसे मिसळत नाहीत, म्हणून शिशाचा रस तांब्यावरून मोत्यासारखा घरंगळतो. कथील मात्र दोघांशीही सोयरीक करते. कल्हईचे कथील २३२ अंशांवर वितळते. ३५०-३८० अंशांचा शिशाचा रस त्यावर आला की ते पुन्हा वितळून एका बाजूने तांब्याला आणि दुसऱ्या बाजूने शिशाला धरून ठेवते. कल्हई न करता नळी पुरली तर काय होते? शिसे गोठताना त्याचे आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, आणि पुढे थंड होतानाही ते तांब्यापेक्षा अधिक आक्रसते. या आक्रसण्याने ते नळीला आवळते, हे खरे; पण रसातील मळी, नळीवरचा काळा थर आणि गोठताना पडणाऱ्या पोकळ्या यांमुळे ठिकठिकाणी बारीक फट राहते. हवा शिशाच्या तुलनेत हजारपटीहून अधिक उष्णतारोधक आहे. डिझेलच्या हिशेबात नळीभोवती केवळ ०.०५ मिलिमीटरची, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीची फट सर्वत्र राहिली, तरी तेवढ्याने तपमान ३० अंशांनी चढते. अख्ख्या शिशाने जेवढा अडथळा केला नाही, तेवढा ही न दिसणारी फट करते. म्हणून कल्हई अवश्य करावी, आणि ती भांड्याच्या आतून करता त्याच काळजीने, एकही काळा ठिपका न ठेवता करावी.

करताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. नवसागर कल्हईसाठी हवाच, पण त्याचा अंश नळीवर राहिला तर तो हवेतील ओलावा ओढतो आणि तांबे खातो. नळ्या गरम पाण्याने पुन्हापुन्हा धुवाव्यात आणि नंतर भट्टीशेजारी कडकडीत वाळवाव्यात. हे वाळवणे केवळ गंजासाठी नाही. रसाखाली पाण्याचा एक थेंब सापडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे कारंज्यासारखे उसळते. फार वर्षांपूर्वी एका ओतशाळेत कोपरा ओला राहिलेल्या साच्यात शिसे ओतताना मी हे स्वतः पाहिले आहे. छपराच्या पत्र्याला चिकटलेले शिशाचे शिंतोडे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. साचा आणि नळ्या दोन्ही १५० अंशांच्या आसपास तापवून ठेवल्याशिवाय ओतू नये. ओतताना नळ्यांची तोंडे साच्याच्या बाहेर, वर उघडी ठेवावीत, म्हणजे आतली हवा तापून कोंडणार नाही.

सांध्यांविषयी सांगायचे तर शिशात बुडणाऱ्या भागात एकही सांधा असू नये. नेहमीच्या कथील-शिशाच्या डाकाचा सांधा १८३ अंशांपासून सुटू लागतो, म्हणजे ओतताना तो टिकणारच नाही. वातानुकूलन यंत्रांसाठी मिळणारी मऊ तांब्याची अखंड गुंडाळी घ्यावी. वळणे मोठ्या त्रिज्येने, आत कोरडी बारीक वाळू भरून किंवा स्प्रिंग घालून काढावीत, म्हणजे नळी चपटत नाही. वाळू ओतण्यापूर्वी पूर्णपणे झाडून काढावी. सांधा टाळणे अगदीच अशक्य असेल तर तो चांदीच्या झाळणाने करावा. ते ६०० अंशांच्या वर वितळत असल्याने शिशाच्या उष्णतेला दाद देत नाही.

आता असे काही सांगतो ज्यावर ओतशाळेतील जाणती माणसेही पहिल्यांदा विश्वास ठेवत नाहीत : तांबे शिशावर तरंगते. एक मीटर नळी सुमारे ३ किलो रस बाजूला सारते आणि तिचे स्वतःचे वजन अर्धा किलोच भरते. म्हणजे प्रत्येक मीटरमागे अडीच किलोचा जोर तिला वर उचलत असतो. चौदा मीटर नळी असेल तर ३५ किलो. खाली खिळवली नाही तर ती साच्यातून उठून पृष्ठभागावर येते, किंवा मधेच कमानीसारखी वाकून नको तिथे जाते. म्हणून साच्याच्या तळाशी घट्ट बसवलेल्या लोखंडी सळ्यांच्या जाळीला ती दर पंधरा-वीस सेंटिमीटरवर तारेने बांधावी. तीच जाळी पुढे शिशालाही ताकद देते. याच मापाने नळ्या ४५ किलो शिशाची जागा घेतात. नळी आणि आतले पाणी यांचे वजन वजा जाता कील ३५ किलोंनी हलकी होते. नौकेच्या तोलाच्या हिशेबात ही घट धरली पाहिजे, हे मूळ पत्रलेखकांनाही कळवावे.

एवढे सांगून झाल्यावर आपल्या दोघांपुढे एक वेगळा पर्यायही ठेवावासा वाटतो, कारण मला स्वतःला तो अधिक पसंत आहे. कील नळीशिवायच ओतावी, पण साच्यातच लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या बसवून तिच्या अंगावर २२-२३ मिलिमीटर खोल व २० मिलिमीटर रुंद चरे काढून घ्यावेत. कील थंड झाल्यावर चऱ्यांच्या आतून कथिलाचा थर द्यावा, कल्हई केलेली नळी त्यात बसवावी, आणि आम्लाच्या टाक्यांना आतून शिशाचे अस्तर लावणारे कारागीर जसे ज्योतीने शिसे वितळवून भरतात, तसे वरून भरून कानसून सपाट करावे. नळी पृष्ठभागाला जवळ राहते, ओतताना तरंगण्याची भीती नाही, आणि दहा वर्षांनी गळती निघालीच तर तो चरा उघडून नळी बदलता येते. ओतलेल्या नळीबद्दलची माझी चौथी हरकत याने जवळजवळ मिटते.

प्रश्न : हे सारे समुद्रात नेण्याआधी गंगापूर धरणाच्या जलाशयात तपासून पाहता येईल का? तसेच नळ्यांत कोणते पाणी भरावे आणि शिसे कोठून घ्यावे, याविषयीही मार्गदर्शन करावे. – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : गंगापूरच्या जलाशयात अशी चाचणी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. ते नाशिक शहराचे पिण्याचे पाणी आहे. रंग न दिलेले शिसे किंवा इथिलिन ग्लायकॉल हे विषारी गोठणरोधक मिसळलेले शीतजल तिथे उतरवणे योग्य नाही, मग प्रमाण कितीही थोडे असो. शिवाय गोड्या पाण्यात बार्नेकल धरत नाहीत, म्हणून समुद्रातील मुख्य अडचण तिथे समजणारच नाही.

चाचणी घरच्या हौदात होते. ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ११ सेंटिमीटर जाड असा एक ठोकळा ओतावा. त्याचे वजन ११० किलोंच्या आसपास भरेल. एका अंगाला कल्हई केलेली नळी आणि दुसऱ्या अंगाला कल्हई न केलेली नळी, दोन्ही सारख्याच खोलीवर ठेवाव्यात. ठोकळ्याला नौकेला देणार तोच रंग द्यावा, तो हौदात बुडवावा आणि दोन्ही नळ्यांतून आळीपाळीने गरम पाणी फिरवावे. आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तपमानांतील फरकाला मिनिटाला वाहणाऱ्या लिटरांनी गुणून पुन्हा ०.०७ ने गुणले की किती किलोवॉट उष्णता बाहेर पडली ते मिळते. फरक अचूक मोजता यावा म्हणून प्रवाह मिनिटाला दोन-तीन लिटरच ठेवावा. कल्हईमुळे नेमका किती फायदा होतो याचे उत्तर त्या एका दुपारी मिळेल, आणि ते माझ्या हिशेबापेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.

पाण्याविषयी : आपल्याकडे नळ्यांतील पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे निम्मे ग्लायकॉल मिसळण्याची गरज नाही, उलट त्याने पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती घटते. गंजरोधक द्रव्य मात्र हवे, कारण तांबे, लोखंड आणि बहुधा ॲल्युमिनियम हे तिन्ही धातू एकाच पाण्यात भिजणार आहेत. यंत्राच्या निर्मात्याने सांगितलेले द्रव्य ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात मिसळून भरावे. बोअरचे पाणी वापरू नये. नळ्यांची वरची टोके नौकेच्या तळाशी साचणाऱ्या खाऱ्या पाण्यात उघडी राहू देऊ नयेत, कारण दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र भिजले की त्यांतला एक झिजू लागतो. कीलपासून यंत्रापर्यंतचा जोड रबरी नळीचाच ठेवावा. कील वाऱ्याच्या जोराने किंचित हलत असते. ताठ नळी तिथे कालांतराने तडकते. प्रत्येक फेऱ्याच्या दोन्ही टोकांना झडप असावी, म्हणजे एक बाजू गळली तरी ती बंद करून दुसरीवर बंदरापर्यंत येता येईल.

शिशाविषयी : जुन्या बॅटऱ्या फोडून घरी शिसे वितळवण्याचा मोह कृपया टाळावा. त्यांत आम्ल असते, आर्सेनिक आणि अँटिमनी असते, आणि त्यांतून निघणारे वायू व धूळ प्राणघातक ठरू शकतात. शिशाचे विष लहान मुलांना सर्वाधिक बाधते, आणि ते कपड्यांवरून, चपलांवरून घरात शिरते. जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रातच लावायची असते. शुद्ध केलेल्या विटा पावतीसह विकत घ्याव्यात, आणि १४०० किलोंचे ओतकाम शेडमध्ये न करता धूर ओढणारी व्यवस्था असलेल्या ओतशाळेतच करून घ्यावे. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करताना एवढेच विचारावे, की इतका रस ते एका दमात, न थांबता ओतू शकतील का. मधे थांबले तर आधीच्या थरावर साय धरते आणि कील आतून दोन तुकड्यांची राहते. ओतण्यापूर्वी एकदा आणि थंड झाल्यावर एकदा, दोन्ही फेऱ्यांत हवेचा दाब भरून तो चोवीस तास उतरत नाही याची खात्री करावी. कील कसाऱ्याचा घाट उतरण्याआधी ही दुसरी तपासणी झालेली असलीच पाहिजे. मुंबईत नौकेखाली बोल्ट आवळून झाल्यावर गळती सापडली, तर तिला परत नाशकात आणण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.